फाटकी पुस्तकं आणि पूर्ण पत्ते

मुलांचं जुनं पुस्तक धडधाकट अवस्थेत हाती आलं की मला आनंदाआधी संशय येतो. साठ-सत्तर वर्षं एखाद्या घरात राहूनही त्याच्या पानाचा कोपरा मुडपलेला नाही, आतल्या वाघाला कुणी पेनाने चष्मा काढलेला नाही, कव्हराच्या आतल्या बाजूला कुणी पाढे लिहिलेले नाहीत, असं कसं? बहुतेक वेळा पहिलं पान उलटलं की उलगडा होतो. तिथे एक छापील चिठ्ठी डकवलेली असते. शाळेचं नाव, इयत्ता, 'वक्तृत्व स्पर्धा, द्वितीय क्रमांक' आणि खाली मुख्याध्यापकांची लफ्फेदार सही. बक्षिसाचं पुस्तक! ते घरी आलं, आईने कौतुकाने काचेच्या कपाटात ठेवलं, आणि 'हात लावू नकोस, खराब करशील' या धाकात तो वक्ता मोठा झाला. आत बहुधा कुणा थोर पुरुषाचं चरित्र असतं. बक्षीस मिळवणाऱ्याने ते वाचलं असेल, असं मानायला मला आजवर काही पुरावा सापडलेला नाही.

जे पुस्तक मुलांना खरंच आवडलं, त्याचं नशीब वेगळं. ते भावंडांत फिरलं, शेजारी गेलं, मामाच्या गावाला गेलं, परत आलं तेव्हा कव्हर नव्हतं. जेवताना वाचलं म्हणून त्यावर आमटी सांडली. मग शिवण उसवली, मधला फॉर्म, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा जुडगा, सुटा झाला, शेवटची दोन पानं हरवली, आणि 'ही रद्दी कशाला ठेवलीय' असं म्हणत कुणीतरी दिवाळीच्या साफसफाईत ते काढून टाकलं. म्हणजे मराठी मुलं काय वाचत होती याचा इतिहास आज शिल्लक राहिलेल्या प्रतींवरून लिहायचा म्हटलं, तर तो मुख्यतः नावडत्या पुस्तकांचा इतिहास होईल. जुनी बालपुस्तकं जमवणाऱ्या माणसाने ही गोष्ट सतत डोक्यात ठेवावी लागते. नाहीतर आपल्या कपाटाकडे बघून 'आमच्या आजोबांची पिढी किती संस्कारक्षम वाचत होती' असं वाटायला लागतं.

हे काही आपल्याकडेच घडलेलं नाही. लंडनच्या जॉन न्यूबेरीने १७४४ साली मुलांसाठी एक छोटं, खिशात मावेल असं पुस्तक काढलं. इंग्रजी बालसाहित्याच्या धंद्याची सुरुवात अनेकजण तिथून धरतात. पुस्तकाची किंमत सहा पेन्स. दोन पेन्स जास्त दिले तर मुलाला चेंडू आणि मुलीला टाचण्या खोचायची उशी सोबत मिळे. (चिप्सच्या पाकिटातलं खेळणं ही काल-परवाची युक्ती नव्हे.) त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज माहीत नाही. जी सर्वांत जुनी प्रत टिकून आहे ती दहाव्या आवृत्तीची, १७६० ची. अमेरिकेतल्या वसाहतींत मुलांना ज्यावरून अक्षरं शिकवत, ते 'न्यू इंग्लंड प्रायमर' सतराव्या शतकाच्या अखेरीस छापलं गेलं आणि पुढे लाखोंनी खपलं, पण त्याची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी प्रत १७२७ ची आहे. पहिल्या चाळीसेक वर्षांतल्या सगळ्या प्रती मुलांनी संपवल्या. प्रकाशकाच्या दृष्टीने याहून मोठं यश नाही, आणि संग्राहकाच्या दृष्टीने याहून मोठी आपत्ती नाही.

मी ठाण्यात, नौपाड्यात राहते. हा छंद ठाण्यात पोसला जातो त्याला एक अगदी अ-साहित्यिक कारण आहे: पुनर्विकास. नौपाडा, विष्णुनगर, राममारुती रोडच्या आतल्या गल्ल्या, पाचपाखाडीचा जुना भाग, इथल्या दोन-तीन मजली इमारती एकामागून एक पाडल्या जात आहेत. त्या घरांना पोटमाळे होते. पोटमाळ्यावर पितळी पातेली, पाळणा, गणपतीची मखरं आणि ट्रंका होत्या. ट्रंकांत पुस्तकं होती. बिल्डरचं पत्र येतं, जागा रिकामी करायची तारीख पडते, आणि भाड्याच्या वन बीएचकेत काय न्यायचं यावर घरात वाद होतो. पातेली मोडीत जातात, पाळणा कुणी नातेवाईक नेतो, पुस्तकं रद्दीत जातात. इथे जुन्या मराठी वस्तीचा दाट थर साचलेला होता, म्हणून रद्दीही तशीच निघते. नवी मुंबईत माझं ऑफिस आहे, तिथल्या रद्दीच्या दुकानांतही मी डोकावते. पण वाशी-ऐरोलीची घरंच मुळी सत्तर-ऐंशीच्या दशकांनंतरची. तिथे इंग्रजी माध्यमाची गाइडं आणि कॉमिक्स मिळतात. १९४० च्या आधीचं काही हवं असेल तर ठाणं, किंवा थेट गिरगाव.

रद्दीवाल्याशी व्यवहार सरळ असतो. तो वजनावर घेतो आणि मला नगावर देतो, एवढंच आमच्यातलं अर्थशास्त्र. एका दुकानदाराने तर माझ्यासाठी एक गोणी वेगळी ठेवायला सुरुवात केली. "ताई, फाटकी ठेवलीत तुमच्यासाठी. चांगली ते दुसरे साहेब घेऊन गेले." दुसरे साहेब म्हणजे ऑनलाइन विकणारे गृहस्थ, त्यांना कव्हर लागतं. मला शेवटचं पान लागतं.

शेवटचं पान, किंवा पहिल्या पानामागची बाजू. तिथे बारीक टायपात छापलेला मजकूर असतो: हे पुस्तक अमुक यांनी अमुक छापखान्यात, अमुक गल्लीत छापिले व तमुक यांनी तमुक पेठेत प्रसिद्ध केले. आपल्याकडच्या प्रकाशनाचा इतिहास बराचसा या ओळीत साठलेला आहे, आणि तो प्रकाशकांच्या हौसेमुळे नव्हे. सत्तावन्नच्या उठावानंतर दहा वर्षांनी, १८६७ साली, इंग्रज सरकारने छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा केला. प्रत्येक छापील पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि मुद्रणाचं ठिकाण, प्रकाशकाचं नाव आणि प्रकाशनाचं ठिकाण असलंच पाहिजे, प्रती सरकारात जमा झाल्याच पाहिजेत. हेतू उघड होता. उद्या कुणी काही भलतं छापलं तर धरायचं कुणाला, हे आधीच माहीत असावं. म्हणून ससा-कासवाच्या गोष्टीच्या पुस्तकावरसुद्धा छापणाऱ्याचा पूर्ण पत्ता आहे. जुन्या पुस्तकांवर 'हे पुस्तक सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे नोंदले आहे' असं मोठ्या ऐटीत छापलेलं दिसतं. सरकारने पाळत ठेवण्यासाठी केलेल्या सोयीवर आज माझ्यासारख्यांचा सगळा उद्योग चालतो. त्या कायद्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा आला, २०२४ च्या मार्चपासून लागू झाला, आणि त्यातून पुस्तकं वगळली गेली. उरली ती नियतकालिकं. स्वातंत्र्याच्या दृष्टीने बरंच झालं म्हणायचं. पण शंभर वर्षांनी कुणी आजची पुस्तकं धुंडाळायला बसलं, तर त्या माणसाची मला थोडी काळजी वाटते.

वर्ष मात्र पुष्कळदा छापलेलंच नसतं. मुलांच्या पुस्तकांवर तर विशेष करून नाही, कारण गेल्या वर्षीचा शिल्लक माल यंदा जूनमध्ये शाळा उघडताना नवा म्हणून विकायचा असतो. मग इतर खुणांवरून वय काढावं लागतं, आणि खरं सांगायचं तर यातच सगळी मजा आहे. किंमत आण्यांत असेल तर पुस्तक बहुधा १९५७ च्या आधीचं, कारण त्या वर्षीच्या १ एप्रिलला दशमान नाणी आली. 'नवे पैसे' असं लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ ही सात वर्षं. त्यानंतर 'नवे' गळून नुसते पैसे उरले. पत्त्यात 'मुंबई ४' असेल तर ते गिरगावचं जुनं टपाल; सहा आकडी पिन कोड असेल तर पुस्तक १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. शुद्धलेखन ही तर फार मोठी सोय. 'मुलें', 'घरें', 'त्यांत', 'केलें' अशी डोक्यावर टिंबं घेतलेली भाषा दिसली की समजायचं, साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम अजून आलेले नाहीत. आणि 'अि', 'अु', 'अे' दिसलं तर सावरकरांच्या लिपिशुद्धीचा प्रभाव असलेला मुद्रक किंवा लेखक. कागदही बोलतो. दुसऱ्या महायुद्धात कागदावर नियंत्रण आलं, त्या काळातली पुस्तकं पातळ, तपकिरी आणि बोट लावलं की कडा गळणारी. गंमत अशी की त्याच्या शंभर वर्षं आधीचा कागद पुष्कळदा जास्त चांगला असतो. तो चिंध्यांपासून केलेला. पुढे लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला, त्याला पाणी-शाई फुटू नये म्हणून तुरटी आणि राळ वापरू लागले, त्यातून आम्ल तयार झालं आणि कागद आतून स्वतःलाच खायला लागला. स्वस्त कागदामुळे मुलांना पुस्तकं मिळाली, आणि त्याच स्वस्त कागदामुळे ती टिकली नाहीत.

मराठी मुलांसाठी छापलेलं पहिलं पुस्तक महाराष्ट्रात छापलं गेलं नाही, हे मला फार आवडतं. ते तंजावरला छापलं गेलं. तिथल्या मराठा सर्फोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आपल्या राज्यात देवनागरी छापखाना घातला आणि सख्खन पंडितांकडून इसापच्या गोष्टी मराठीत करून घेतल्या, 'बालबोधमुक्तावली' या नावाने. राजाचा खर्च, राजाची शाळा, राजाचा छापखाना. विक्रीचा प्रश्नच नाही. दुसरीकडे बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरीच्या मिशनने वैजनाथ शर्मांच्या हाताखालून सिंहासनबत्तिशी आणि पंचतंत्र मराठीत आणलं, तेही मोडी लिपीत. मुंबईत मुलांच्या छापील पुस्तकांना सुरुवात झाली ती १८२८ च्या आसपास. सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी 'बाळमित्र' केलं. मूळ फ्रेंच, अर्नो बर्केंचं. तिथून इंग्रजी, इंग्रजीवरून मराठी. छत्र्यांनीच इसापनीतीही केली. म्हणजे मराठी मुलाच्या पहिल्या पुस्तकांत ग्रीक गुलामाच्या गोष्टी आणि फ्रेंच सज्जनाचा उपदेश होता, आणि हे सगळं शिक्षणाच्या संस्थांसाठी होतं. तोवर कुणी मूल दुकानात जाऊन 'मला ते द्या' असं म्हणत नव्हतं.

छपाईची भीतीही होती. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील पोथीला शिवत नसत, तेव्हा मुंबईच्या गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरली असं सांगतात. त्यांनी १८३१ साली पंचांग छापलं. पंचांग घरात शिरलं, मग बाकीचं छापील शिरायला वाट झाली. मला वाटतं, मराठी बालसाहित्याने त्या पंचांगाचे आभार मानायला हवेत.

माझा सगळ्यांत आवडता प्रकाशक मात्र जावजी दादाजी. निर्णयसागर छापखान्याचे मालक. हे गृहस्थ लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप, म्हणजे छपाईचे खिळे, घासायच्या कामाला लागले. घरची गरिबी, शिक्षण फारसं नाही. तिथेच अक्षरं ओतायची कला शिकले, १८६४ मध्ये स्वतःची फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये छापखाना. निर्णयसागरचं देवनागरी वळण इतकं देखणं की संस्कृतचे पंडित देशभर त्या ग्रंथांची वाट बघत. आणि याच छापखान्यातून १८८१ पासून विनायक कोंडदेव ओकांचं 'बालबोध' हे मुलांचं मासिक निघू लागलं. ओकांनी ते तीस-एक वर्षं जवळजवळ एकहाती लिहिलं. अंकात एक चरित्र, एक कविता, एखादा विज्ञानाचा निबंध, आणखी काही माहिती. मिशनचा 'बालबोधमेवा' त्याच्या आधीपासून होता, पण घराघरांत विश्वासाने गेलं ते ओकांचं मासिक. ज्या वयात मुलांनी ते वाचायचं, त्या वयात ते छापणारा माणूस शिशाचे खिळे घासत होता. 'बालबोध'चे जुने अंक हातात आले की मी आधी अक्षरं बघते, मजकूर नंतर. मजकूर, स्पष्टच बोलायचं तर, जरा जडच आहे. ओक मुलांशी बोलताना खुर्चीवरून उठत नाहीत.

उठले ते वासुदेव गोविंद आपटे. १९०६ साली पुण्यात त्यांनी 'आनंद' काढलं, आणि नावापासूनच फरक कळतो. मुलांना आधी मौज हवी, बोध मागून येईल किंवा नाही आला तरी चालेल, हे मराठीत धंदा म्हणून करून दाखवणारे ते पहिले मोठे गृहस्थ. पुढे गोपीनाथ तळवलकरांनी ते मासिक दीर्घकाळ सांभाळलं. 'आनंद'चे सुटे अंक मिळणं कठीण, आणि मिळाले तर कव्हराविना. माझ्या सिद्धान्ताला याहून चांगला दाखला नको. 'बालबोध'चे पुठ्ठा-बांधणीचे खंड लायब्ररीत रांगेने उभे दिसतात. 'आनंद' मुलांनी खाऊन टाकलं.

स्वातंत्र्यानंतर माल बाहेरून यायला लागला, तोही मराठी बोलत. मद्रासहून 'चांदोबा' १९५२ पासून. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांचा मूळ 'चंदामामा' १९४७ च्या जुलैमध्ये तेलुगू-तमिळमध्ये निघाला होता. चित्रं सगळ्या भाषांत तीच, मजकूर तेवढा बदलायचा. त्यामुळे आमच्या पिढीच्या डोक्यातला राजा दाक्षिणात्य मुकुट घालतो आणि खांद्यावर वेताळ घेऊन चालणारा विक्रम शंकर नावाच्या चित्रकाराने काढला तसाच दिसतो. मग मॉस्को. परदेशी भाषांतली पुस्तकं छापणारी तिथली संस्था १९३१ ची, १९६३ पासून तिचं नाव प्रगती प्रकाशन. १९८२ मध्ये तिच्यातून ललित आणि बालसाहित्यासाठी रादुगा वेगळं झालं. जाड पुठ्ठा, गुळगुळीत कागद, पानभर रंगीत चित्रं, आणि किंमत अशी की शिक्षकाच्या घरातही परवडावी. सरकारच पैसे घालत होतं, त्यामुळे इथल्या कुठल्याही प्रकाशकाला त्या किमतीत तसं पुस्तक काढणं शक्य नव्हतं. अनिल हवालदारांसारखे मराठी अनुवादक मॉस्कोत बसून काम करत. या पुस्तकांच्या शेवटी वाचकांना विनंती असे: पुस्तक, अनुवाद, मांडणी कशी वाटली ते कळवा, आमचा पत्ता झुबोव्स्की बुलेवार, मॉस्को. नौपाड्यातल्या एखाद्या मुलीने खरंच पत्र लिहिलं असेल का, हा विचार माझी पाठ सोडत नाही. १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघच राहिला नाही. तेव्हापासून तो पत्ता नुसता छापील.

इंग्रजी पुस्तकं मी फारशी घेत नाही. त्याला अपवाद लेडीबर्ड या नावाने निघणारी इंग्लंडमधली मुलांची छोटी पुस्तकं. कारण त्यांची हुशारी. लफबरोच्या विल्स अँड हेपवर्थ या छापखान्याने १९४० मध्ये, युद्धामुळे कागदाची ओढाताण असताना, चाळीस बाय तीस इंचांच्या एकाच मोठ्या कागदातून छप्पन्न पानांचं अख्खं पुस्तक घडी घालून काढायची रीत बसवली. कागद वाया जाणं जवळपास शून्य. त्या जोरावर पुस्तकाची किंमत अडीच शिलिंग ठेवली आणि ती १९७१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं वाढवली नाही. छापखान्याचं यंत्र रिकामं राहू नये म्हणून मुलांची पुस्तकं, अशी ती सुरुवात. मोठी ध्येयं घेऊन आलेल्या पुष्कळ बालप्रकाशनांपेक्षा हा हिशेबी माणूस मला जवळचा वाटतो.

याच्या उलट टोकाचा ढीग रद्दीत नेहमी दिसतो: १९८७ च्या खडू-फळा योजनेनंतरच्या काळातल्या पातळ पुस्तिका. सरकारने प्राथमिक शाळांना साहित्य पुरवायचं ठरवलं, त्यात पुस्तकंही आली. चांगल्या हेतूने. पण खरेदी यादीवरून होते म्हटल्यावर यादीत बसणारी पुस्तकं तयार करणारेही उगवले. मोठा टाइप, भडक कव्हर, आत कुठूनही उचललेली चित्रं, लेखकाचं नाव असलं तर असलं. शाळेचा गोल शिक्का, दाखल क्रमांक, आणि पानं न उघडलेली. ही पुस्तकं हमखास टिकणार. दोनशे वर्षांनी एखादा अभ्यासक यांच्यावर प्रबंध लिहील आणि म्हणेल, विसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी मुलं हे वाचत असत.

म्हणून मी जमवताना एक पथ्य पाळते. कोरं पुस्तक आणि वापरलेलं पुस्तक समोर असेल तर वापरलेलं घ्यायचं. ज्यावर नाव, तुकडी, 'हे पुस्तक चोरणाऱ्याच्या हाताला फोड येतील' अशी धमकी असेल तर फारच उत्तम. ऑनलाइन विकणारे साहेब याला 'डिफेक्ट' म्हणतात आणि किंमत उतरवतात, ते माझ्या पथ्यावरच पडतं. चित्रं कुठली रंगवली आहेत आणि कुठली सोडली आहेत, कुठल्या गोष्टीची पानं मळकी आहेत आणि कुठल्या गोष्टीची पांढरी, हे बघितलं की त्या मुलाची आवड डोळ्यांसमोर येते. कुठल्याच समीक्षकाने इतका प्रामाणिक अभिप्राय दिलेला नाही. एका इसापनीतीत सगळी तात्पर्यं पेन्सिलीने काळजीपूर्वक खोडलेली आहेत. कुणी, का, ते कळायला मार्ग नाही. पण त्या मुलाशी माझं जमलं असतं.

ठाण्यात राहून या छंदाला एकटेपणा येत नाही, त्याला कारण आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय. १८९३ ची स्थापना, म्हणजे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्याही पाच वर्षं आधी. संस्थापकांत विनायक लक्ष्मण भावे. मिठाचा व्यापार करायचा आणि जुन्या कवींच्या पोथ्या हुडकायच्या, असा माणूस. पहिली आगगाडी १८५३ मध्ये इथवर आली आणि १८६६ मध्ये 'अरुणोदय' हे वर्तमानपत्र इथूनच निघालं, त्यामुळे ठाण्याला छापील कागदाचं वेड नवं नाही. संदर्भासाठी बसावं तर तिथे. माझ्या फाटक्या प्रतीत नसलेली पानं मी कैकदा लायब्ररीच्या प्रतीवरून ताडून बघते.

मात्र कुठल्याही जुन्या लायब्ररीच्या प्रतीला एक मर्यादा असते, ती म्हणजे बांधणी. पुस्तक वाचकांच्या हातात टिकावं म्हणून मूळ कव्हर काढून टाकायचं, जाड पुठ्ठा घालायचा, तिन्ही कडा यंत्रावर सपाट कापायच्या. हे करण्यावाचून गत्यंतर नव्हतं, नाहीतर पुस्तक चार हातांतही टिकलं नसतं. पण कव्हराबरोबर चित्रकाराचं नाव जातं, आणि मागच्या कव्हरावरची जाहिरात जाते. जाहिरात म्हणजे प्रकाशकाचा जमाखर्चच. 'आमची इतर पुस्तके' या यादीत किमान अर्धी नावं अशी सापडतात की ज्यांची एकही प्रत मी कुठे पाहिलेली नाही. गिरगावात केशव भिकाजी ढवळ्यांसारखी पेढी स्तोत्रांपासून गोष्टींपर्यंत काय काय काढत होती, कुठल्या पुस्तकाला किती आणे लावत होती, कुठली माला तीन पुस्तकांत बंद पडली, हे त्या मागच्या पानावरच कळतं. मूल कव्हर फाडतं आणि मोठी माणसं ते बांधणीला देताना काढतात. दोघांच्या तावडीतून सुटलेलं मलपृष्ठ मिळालं तर मी आधी त्याचा फोटो काढते, मग चहा.

उरलेली लढाई पावसाशी. खाडीकाठच्या गावात जून ते सप्टेंबर कागद घाम घेतल्यासारखा ओला राहतो. लोखंडी पिना गंजतात आणि कागदाला भोक पाडतात, म्हणून मासिकांच्या पिना काढून दोरा घालायचा. चिकटपट्टी कधीच लावायची नाही. ती पिवळी पडून निघून जाते आणि डाग ठेवून जाते. लॅमिनेशनचं नाव काढायचं नाही. कपाट भिंतीपासून लांब, पुस्तकं सैल उभी, मधे वेखंडाच्या पुरचुंड्या. कसर तरीही होतेच. ती खळ खायला येते, म्हणजे बांधणीवर तिचा पहिला हक्क.

आणि म्हणून एक चांगला बाइंडर लागतो. स्टेशनजवळ एक आहेत. बहुतेक काम कोर्टाच्या फायलींचं आणि कॉलेजच्या प्रकल्पांचं. मी सुटे झालेले 'चांदोबा' घेऊन गेले तेव्हा त्यांनी गठ्ठा टेबलावर आपटून सरळ केला आणि कटिंग मशीनकडे बघितलं.

"काका, कडा कापायच्या नाहीत."

"न कापता कसं होईल? वर-खाली दिसणार ते."

"दिसू दे. कव्हरं पण काढायची नाहीत. आहेत तशी आत शिवायची, दोन्ही बाजूंची."

"फाटकी कव्हरं?"

"फाटकीच. आणि फेविकॉल नको, खळ."

त्यांनी चष्मा कपाळावर घेतला. मागे कुणीतरी प्रकल्पाच्या सोनेरी अक्षरांसाठी घाई करत होतं.

"ताई, करून देतो. दोन आठवडे लागतील, आणि पैसे जास्त पडतील, कारण हाताने शिवायचं. पण एक करा. कुणी विचारलं की हे कुणी बांधलं, तर माझं नाव सांगू नका. लोकांना वाटेल मला कटिंग येत नाही."